सल्ला सगळ्यांनी दिला होता: लाइफ कोचसोबतच्या 10 सेशन्सचं एक प्रकरण

प्रकरणातले गृहस्थ 42 वर्षांचे, कॉलेजात शिकवणारे. पीएचडीची नोंदणी करून 9 वर्षं झालेली. 6 पैकी 3 चॅप्टर तयार, चौथा अर्धवट. विद्यापीठाने एकदा मुदतवाढ दिलेली आणि ती संपायला 14 महिने उरलेले. पुढची बढती पीएचडीवर अडलेली. अशा अवस्थेत एका सहकाऱ्याने सुचवलं म्हणून त्यांनी एका लाइफ कोचला, म्हणजे अडलेल्या माणसाला बोलण्यातून पुढचं पाऊल टाकायला मदत करणाऱ्या व्यक्तीला, फोन केला.

पुढे काय घडलं ते इथे जरा तपशिलात मांडतो. लाइफ कोचकडे गेल्यावर नेमकं काय होतं, हे जाहिराती वाचून कळत नाही. एखादं काम पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत पाहिलं, तर थोडंफार कळतं. हे प्रकरण एका विशिष्ट माणसाचं नाही. या कामात पुन्हा पुन्हा दिसणारे प्रसंग एकत्र करून ते बेतलेलं आहे. सोयीसाठी या गृहस्थांना ‘प्राध्यापक’ म्हणू आणि समोरच्या बाईंना ‘कोच’.

पैसे ठरण्याआधीची भेट

अनेक कोच कामाला सुरुवात करण्याआधी अर्ध्या तासाची एक ओळखीची भेट ठेवतात. प्राध्यापक या भेटीला एकच प्रश्न घेऊन आले होते: “किती सेशन्समध्ये रिझल्ट येईल?”

कोच म्हणाल्या, “रिझल्ट म्हणजे काय झालेलं तुम्हाला दिसायला हवं?”

“थिसिस सबमिट.”

“त्याची हमी मी देऊ शकत नाही. तुमचा विषयही मला कळत नाही. दर 2 आठवड्यांनी एक तास तुमच्यासोबत बसून तुम्ही जिथे अडलाय तिथे नीट बघायला मदत करणं, एवढं मी करू शकते.”

हे ऐकून प्राध्यापक थोडे निराश झाले. खरं तर इथेच त्यांनी हुश्श करायला हवं होतं. पहिल्याच भेटीत ‘3 महिन्यांत आयुष्य बदलून दाखवतो’ म्हणणाऱ्यांची या क्षेत्रात कमी नाही, आणि त्याला कारण आहे. बहुतेक देशांत ‘लाइफ कोच’ ही पाटी लावायला परवाना लागत नाही. डॉक्टरला लागतो, वकिलाला लागतो, कोचला नाही. वीकेंडला एखादा ऑनलाइन कोर्स केलेला माणूस आणि 20 वर्षं हेच काम करणारा माणूस, दोघांच्या पाटीवर शब्द तोच.

म्हणून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. प्रशिक्षण कुठे आणि किती तासांचं झालं? लोकांसोबत प्रत्यक्ष किती तास काम केलंय? स्वतःचं काम दुसऱ्या अनुभवी कोचला दाखवता का? इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 साली सुरू झालेली संस्था या क्षेत्रातली सर्वांत परिचित. तिची प्रमाणपत्रं 3 पातळ्यांची असतात. पहिल्या पातळीला, म्हणजे एसीसीला, किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. मधल्या पीसीसीला 125 आणि 500, तर सर्वांत वरच्या एमसीसीला 200 आणि 2500. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगला असतोच असं नाही. पण त्याने निदान काही तास कोणाच्या तरी देखरेखीखाली घालवलेत आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायला एक जागा आहे, एवढं नक्की होतं.

प्राध्यापकांनी यातलं काहीच विचारलं नाही. कोचनेच आपणहून सांगितलं: पीसीसी, 6 वर्षं हे काम, त्याआधी मनुष्यबळ विभागात नोकरी.

मग करार झाला. 10 सेशन्स, प्रत्येकी 60 मिनिटं, व्हिडिओ कॉलवर. सेशन रद्द करायचं तर 24 तास आधी कळवायचं, नाहीतर ते झालं असं धरलं जाईल. मधल्या काळात एखादा छोटा मेसेज चालेल, पण त्याला लांबलचक उत्तर मिळणार नाही. बोलणं गोपनीय राहील. अपवाद दोनच: कोणाच्या जिवाला धोका दिसला किंवा कायद्याने माहिती मागितली तर. चौथ्या सेशननंतर दोघांनी मिळून ठरवायचं की पुढे जायचं की थांबायचं, आणि थांबायचं ठरलं तर उरलेले पैसे परत. हे शेवटचं कलम सगळे कोच ठेवत नाहीत. मागून घ्यावं.

कंपनीने कर्मचाऱ्यासाठी कोच नेमला, तर करार तिघांत होतो आणि ‘यातलं साहेबांपर्यंत काय पोहोचणार’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. इथे प्राध्यापक स्वतःच्या खिशातून पैसे देत होते, त्यामुळे ती गुंतागुंत नव्हती.

पहिली दोन सेशन्स: उत्साहाचा घोटाळा

पहिल्या सेशनला प्राध्यापक वही घेऊन बसले, विद्यार्थ्यासारखे. त्यांना वाटलं होतं टाइमटेबल मिळेल. कोचने विचारलं, “थिसिस सबमिट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या आयुष्यात काय वेगळं असेल?”

बढती, पगार, ‘डॉक्टर’ ही उपाधी, सगळं भराभर सांगून झालं. कोच काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने प्राध्यापकच म्हणाले, “लोक विचारायचं थांबवतील. ‘कुठवर आलं?’ म्हणून.”

कोचने हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट फालतू वाटते. पण कोचिंगमधलं निम्मं काम हेच असतं: माणूस जे बोलून जातो, ते त्याला स्वतःला ऐकू येईल असं करणं. प्रबंधाचा विषय, त्यातून काय सापडलं, कशासाठी सुरुवात केली होती, यातलं काहीही त्या यादीत आलेलं नव्हतं. हे प्राध्यापकांच्याही लक्षात आलं, पण त्या दिवशी ते त्यावर बोलले नाहीत.

मग 0 ते 10 चा प्रश्न आला. “मुदतीत पूर्ण होईल याची आज किती खात्री वाटते?”

“3.”

“2 का नाही?”

इथे ते गोंधळले. त्यांनी ‘10 का नाही?’ या प्रश्नाची तयारी केली होती. ‘3 का?’ किंवा ‘10 का नाही?’ असं विचारलं की माणूस अडचणी मोजायला लागतो. खालचा आकडा का नाही म्हटलं की त्याला स्वतःच्या बाजूचे पुरावे शोधावे लागतात. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी व्यसनमुक्तीच्या कामातून पुढे आणलेल्या संवादपद्धतीत ही युक्ती वापरतात, आणि कोचिंगनेही ती उचलली आहे. प्राध्यापकांचे पुरावे असे निघाले: 3 चॅप्टर गाईडने मान्य केलेले आहेत, सगळा डेटा गोळा झालेला आहे, आणि शिकवताना याच विषयावर ते तासभर कागदाशिवाय बोलू शकतात.

सेशनच्या शेवटी कोचने विचारलं, पुढच्या 2 आठवड्यांत काय करणार? प्राध्यापक म्हणाले, रोज पहाटे 5 ते 7 लिहीन. कोचने एकदा खोदून पाहिलं, “गेल्या महिन्यात असं किती दिवस जमलं?” एकही नाही. तरीही ते ठाम राहिले आणि कोचने ते मान्य केलं.

दुसऱ्या सेशनला अर्थातच लिखाण झालेलं नव्हतं. परीक्षा, पेपर तपासणी, घरी पाहुणे. कारणं खरी होती. योजना थोडी हलकी केली: आठवड्यातून 3 दिवस, एक तास. तिसऱ्या सेशनला तीही झालेली नव्हती.

तिसरं सेशन

माझ्या मते सगळं प्रकरण या एका तासावर उभं आहे, आणि प्राध्यापकांना नंतर विचारल्यावर सर्वांत न आवडलेलं सेशनही हेच निघालं.

ते आले तेच चिडलेले. “मॅडम, स्पष्ट बोलतो. तुम्ही फक्त प्रश्न विचारता. प्रश्न मला स्वतःलाही पडतात. मी पैसे देतोय ते तुम्ही काहीतरी सांगाल म्हणून.”

कोच म्हणाल्या, “बरं झालं बोललात. सांगायला माझी ना नाही. पण आधी एक बघू. या 9 वर्षांत तुम्हाला कोणी कोणी काय काय सांगितलं?”

प्राध्यापकांनी यादी केली. गाईड म्हणाले, रोज एक पान लिहा. बायको म्हणाली, महिनाभर रजा काढा आणि उरकून टाका. पीएचडी झालेला मित्र म्हणाला, परफेक्ट करायच्या नादाला लागू नकोस. विभागप्रमुख म्हणाले, कमिट्यांची कामं सोडा. एका व्याख्यानात ऐकलं होतं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. धाकट्या भावाने तर एक ॲपच टाकून दिलं होतं.

“यातला चुकीचा सल्ला कुठला?”

प्राध्यापक बराच वेळ गप्प होते. “एकही नाही.”

“मग सातवा सल्ला माझा. तो या सहांपेक्षा वेगळा कसा ठरेल?”

हे उत्तर कोणाला चलाखीचं वाटेल. प्राध्यापकांनाही तसंच वाटलं आणि सेशन काहीसं अवघडूनच संपलं. पण कोचकडून काय अपेक्षा ठेवायची, याचा खरा उलगडा इथे होतो. ज्याला माहिती कमी पडतेय, त्याने कोचकडे जाऊ नये. त्याने त्या विषयातल्या जाणत्या माणसाकडे, मेंटॉरकडे किंवा सल्लागाराकडे जावं. पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील. कोचचा उपयोग होतो तो काय करायचं ते ठाऊक असूनही हात चालत नाही तेव्हा. प्राध्यापकांच्या बाबतीत हे पहिल्या दिवसापासून खरं होतं, पण तसं कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

‘कोचने कधीच सल्ला देऊ नये’ असं मानणारे कर्मठही या क्षेत्रात आहेत. मला ते पटत नाही. समोरच्याला ठाऊक नसलेली एखादी साधी माहिती कोचकडे असेल, तर ती प्रश्नांच्या आडून काढून घेत बसणं हा छळ आहे. सांगून मोकळं व्हावं. पण ती जागा ही नव्हती.

फाईल उघडल्यावर काय होतं

चौथ्या सेशनला कोचने योजना बाजूला ठेवली. त्या म्हणाल्या, “सर, शेवटचं लिहायला बसलात तो दिवस आठवा. मला सिनेमासारखं सांगा. लॅपटॉप उघडला. मग?”

मग जे समोर आलं ते असं. थिसिसच्या फोल्डरमध्ये 6 फाइल्स. ते दुसऱ्या चॅप्टरची फाईल उघडतात. संदर्भसूचीत एका नावापुढे स्वल्पविराम राहिलेला दिसतो. तो घालतात. मग सगळ्या नावांची मांडणी एकसारखी आहे का ते बघतात. एक जुना लेख पुन्हा उघडतात, त्यातला एक परिच्छेद वाचतात, तो कुठे घालता येईल याचा विचार करतात. तास जातो. फाईल सेव्ह करून बंद करतात. काम केल्यासारखं वाटतं आणि केलं नाही हेही ठाऊक असतं.

“चौथ्या चॅप्टरची फाईल?”

“ती नाही उघडत.”

“शेवटची कधी उघडली होती?”

त्यांनी तिथल्या तिथे स्क्रीनवर तारीख बघितली. 14 महिन्यांपूर्वी. त्या फाइलमध्ये डेटाचं विश्लेषण होतं आणि समासात गाईडची एक टीप: ‘ही पद्धत इथे लागू होते का? भेटून बोलू.’ ती भेट झालीच नव्हती. प्राध्यापकांना वाटत होतं की पद्धतच चुकली असेल, तर 2 वर्षांचं काम वाया. म्हणून ते विचारायला गेले नाहीत. जितके दिवस गेले तितकं जाणं अवघड होत गेलं. आता तर कॉरिडॉरमध्ये गाईड समोरून येताना दिसले की ते जिन्याकडे वळतात.

म्हणजे अडचण लिखाणाची नव्हतीच. पहाटे 5 ला उठून सुटणारी तर मुळीच नव्हती.

रॉबर्ट केगन आणि लिसा लेही या दोघांनी अशा अडकण्याची एक मांडणी केली आहे. माणूस बदलत नाही तेव्हा तो आळशी किंवा कच्चा असतोच असं नाही. बदलाच्या ध्येयासोबत त्याच्या मनात दुसरी एक बांधिलकीही काम करत असते, आणि ती त्याला कशापासून तरी वाचवत असते. प्रबंध अपुरा आहे तोवर तो चुकीचा ठरू शकत नाही. प्राध्यापकांची दुसरी बांधिलकी ही होती. कोचने ही मांडणी शिकवली नाही, नावंही घेतली नाहीत. एवढंच विचारलं, “फाईल न उघडल्यामुळे तुम्ही कशातून वाचताय?” उत्तर त्यांनी स्वतःच दिलं.

त्या 2 आठवड्यांसाठी लिखाणाचं काहीच ठरलं नाही. ठरला एक ईमेल. तो सेशनमध्येच लिहिला. पहिल्या खर्ड्यात 11 ओळींची माफी होती: घरच्या अडचणी, प्रकृती, कॉलेजचा ताण. कोच म्हणाल्या, “हे वाचून गाईडना काय करावं लागेल?” प्राध्यापक हसले. “मला समजवावं लागेल.” उरल्या त्या 3 ओळी: चौथ्या चॅप्टरमधल्या विश्लेषणाच्या पद्धतीबद्दल तुमची शंका होती, त्यावर बोलायचं आहे, पुढच्या आठवड्यात कधी येऊ. त्यांनी तो सेशन संपायच्या आत पाठवला. करारातली ‘थांबायचं की नाही’ ही चर्चा 2 मिनिटांत आटोपली.

जिथे कोचने काम थांबवलं

गाईडचं उत्तर त्याच रात्री आलं, भेट ठरली. पाचव्या सेशनला प्राध्यापक हे सांगायला आनंदाने येतील अशी कोणाचीही अपेक्षा असती. ते आले ते थकलेले. बोलता बोलता म्हणाले, भेट ठरलीय पण त्याचंही काही वाटत नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. पहाटे 3 ला जाग येते आणि मग झोप नाही. जेवणावर वासना नाही. किती दिवस? महिना तरी झाला असेल.

कोचने ध्येयाचं बोलणं तिथेच सोडलं. त्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी सरळ विचारल्या. जगणं नको वाटतं का, हाही प्रश्न त्यात होता. तसं नाही, असं उत्तर आलं. मग त्या म्हणाल्या, “सर, हे माझ्या कामाच्या बाहेरचं आहे. हे डॉक्टरांना दाखवायला हवं.”

“म्हणजे मला डोक्याचा आजार आहे असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मला ते ठरवता येत नाही, म्हणून तर डॉक्टर म्हणतेय. ते बघतील. काही नसेल तर तसं सांगतील.”

इथली सीमारेषा नीट समजून घ्यायला हवी. उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं हे 2 आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज चाललं असेल आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता अशा गोष्टी बिघडल्या असतील, तर डिप्रेशनची शक्यता तपासावी लागते. निदान करणं कोचचं काम नाही, त्यावर ‘पॉझिटिव्ह विचार करा’ म्हणणं तर मुळीच नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या आचारसंहितेतही दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची गोष्ट येते. ज्याला ही रेषा दिसत नाही, त्याच्याकडे प्रमाणपत्र असो वा नसो, तो धोकादायक कोच आहे. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ आजाराकडे, जुन्या जखमांकडे बघतात. कोच असं गृहीत धरतो की माणूस मुळात धडधाकट आहे आणि पुढचं पाऊल टाकू शकतो. हे गृहीतकच डळमळलं, तर कोचिंग पुढे रेटण्यात अर्थ नसतो.

प्राध्यापक गेले. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताच्या तपासण्या केल्या, डिप्रेशनचं निदान झालं आणि समुपदेशन सुरू झालं. कोचिंग 5 आठवडे बंद राहिलं. ते पुन्हा सुरू करायला हरकत नाही असं समुपदेशकांनी म्हटल्यावर, आणि प्राध्यापकांनाही हवं होतं म्हणून, सहावं सेशन झालं. मधल्या काळाचे पैसे घेतले गेले नाहीत.

उरलेली सेशन्स

यात फारसं नाट्य नाही. गाईडची भेट झाली. पद्धत चुकीची नव्हती. डेटाच्या एका भागाला ती लागू होत नव्हती, तो भाग वगळायचा होता. काम 3 आठवड्यांचं. त्यासाठी 14 महिने गेले होते, हे प्राध्यापकांनी स्वतःच म्हटलं आणि त्यावर दोघंही हसले.

लिखाणाची योजना आता वेगळ्या प्रकारे झाली. ‘आठवड्यातून 3 दिवस’ असं मोघम न ठेवता: मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचं लेक्चर संपलं की स्टाफरूममध्ये न जाता लायब्ररीत जायचं, चौथ्या चॅप्टरची फाईल उघडायची, 25 मिनिटं बसायचं. आणि दुसरा भाग: संदर्भसूचीकडे हात गेला, तर वहीत एक खूण करून परत यायचं. ‘असं झालं की तसं करायचं’ अशा जोड्या बांधण्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं बरंच काम आहे. 2006 साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसत्या इराद्यापेक्षा अशा बांधलेल्या योजनेचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. पहाटे 5 ची प्रतिज्ञा आणि लायब्ररीतली 25 मिनिटं यांत फरक इच्छाशक्तीचा नव्हता. दुसऱ्या योजनेला दिवसात एक जागा होती आणि सुरुवातीची खूण होती.

सातव्या सेशननंतर वहीत खुणाच खुणा होत्या. एका दिवसात 17. नवव्यापर्यंत त्या दोन-तीनवर आल्या. चौथा चॅप्टर गाईडकडे गेला.

आठव्या सेशनमध्ये एक आडवा विषय निघाला: प्राध्यापक 4 कमिट्यांवर होते आणि प्रत्येकीची मिनिट्स तेच लिहीत. नाही म्हणायचं कसं, याची चक्क तालीम झाली. कोच विभागप्रमुख झाल्या. पहिल्या दोन वेळा प्राध्यापकांनी ‘नाही’ म्हणून पुढच्याच वाक्यात ‘पण बघतो’ म्हटलं. प्रत्यक्षात एक कमिटी सुटली, 3 राहिल्या.

श्रेय कोणाचं, आणि कोचचं काय चुकलं

खात्रीचा आकडा शेवटी 3 वरून 6 वर आला. हे कोचिंगमुळे झालं का? सरळ उत्तर देता येत नाही. या काळात डिप्रेशनवर उपचार चालू होते, त्यांचा वाटा मोठा असणार. गाईड समजूतदार निघाले. खडूस निघाले असते तर तोच ईमेल महागात पडला असता. मुदत जवळ येत होती, तिचाही दाब होता. संशोधनाचं म्हणाल, तर 2014 साली थीबूम, बीअर्समा आणि व्हॅन व्हायनन यांनी 18 अभ्यास एकत्र करून पाहिले. कामगिरी, मनःस्वास्थ्य, ताण हाताळणं, ध्येयाच्या दिशेने स्वतःला सांभाळणं अशा बाबतींत कोचिंगचा चांगला परिणाम दिसला. पण ते अभ्यास नोकरीच्या ठिकाणच्या कोचिंगचे आहेत. तो निष्कर्ष कुठल्याही लाइफ कोचच्या पाटीवर चिकटवणं बरोबर नाही, आणि बरेच जण तेच करतात.

कोचच्या खात्यात मी दोन गोष्टी नक्की धरेन: तिसऱ्या सेशनमधला राग अंगावर न घेणं आणि पाचव्यात थांबणं.

आणि दोन गोष्टी त्यांच्या विरोधात. पहिली, पहाटे 5 ची योजना त्यांनी फार सहज जाऊ दिली. ‘ध्येय क्लायंटचं’ हे तत्त्व बरोबर आहे, पण महिनाभरात एकदाही न जमलेली गोष्ट उद्यापासून रोज होणार नाही, हे कोणालाही दिसतं. तिथे अडवलं असतं, तर एक सेशन वाचलं असतं. दुसरी जास्त गंभीर. सुरुवातीच्या फॉर्ममध्ये झोप, प्रकृती, चालू असलेले उपचार याबद्दल एकही प्रश्न नव्हता. महिनाभराची अनिद्रा पाचव्या सेशनला, तीही बोलण्याच्या ओघात समोर आली. प्राध्यापकांनी उल्लेख केला नसता, तर आणखी किती सेशन्स ‘उत्साह कसा वाढवायचा’ यात गेली असती कोण जाणे. कोचने आता फॉर्म बदलला आहे.

प्राध्यापकांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. तिसऱ्या सेशनला ते चिडले ते बरंच झालं. पुष्कळ लोक चिडत नाहीत, नुसते गोड बोलून चौथ्या सेशनला ‘तब्येत बरी नाही’ असा मेसेज टाकतात आणि मग कधीच येत नाहीत. काम पटत नसेल तर ते कोचला तोंडावर सांगणं हा त्या कामाचाच भाग आहे.

शेवटचं सेशन

दहाव्या सेशनला नवीन काही घ्यायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. कोचने पहिल्या सेशनमधलं ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलं: लोक विचारायचं थांबवतील. प्राध्यापक म्हणाले, लोक अजून विचारतातच. परवा एकाने विचारलं, तर त्याला सांगितलं, चौथा झाला, पाचव्याची मांडणी चाललीय. पूर्वी विषय बदलत असे.

मग पुढे पुन्हा अडलं तर काय, यावर बोलणं झालं. प्राध्यापकांनी स्वतःची दोन लक्षणं नोंदवली: सलग 2 वेळा लायब्ररीऐवजी स्टाफरूममध्ये जाणं, आणि गाईडना टाळावंसं वाटणं. पहिलं दिसलं तर योजना बघायची, दुसरं दिसलं तर त्याच दिवशी ईमेल. झोप पुन्हा बिघडली तर कोच नाही, डॉक्टर.

आणखी 5 सेशन्स घ्यावीत का, असं प्राध्यापकांनीच विचारलं. कोचने उलट विचारलं की त्यात नेमकं काय करायचं आहे. त्यांना सांगता आलं नाही. मग 3 महिन्यांनी 20 मिनिटांचा एक फोन, एवढंच ठरलं.

सहावा चॅप्टर गाईडच्या संमतीने पाचव्यात मिळवला आहे. मुदतीचे 8 महिने उरलेत. प्रबंध जमा झालेला नाही.